लंडन, बाबागाडी आणि दिवसाला एकच ठिकाण

दोन आणि पाच वर्षांच्या मुलांना घेऊन लंडनमध्ये दिवसाला चार ठिकाणे पाहण्याचा बेत कसा वाटतो, असे आपण विचारलेत; मी तरी तो मोडीत काढीन. साउथ केन्सिंग्टनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम मोफत असल्यामुळे मुले तासाभरात कंटाळली तरी पैसे वाया गेल्याची चुटपुट लागत नाही; तिथल्या मुख्य दालनात छताला टांगलेला, २५ मीटरहून लांब असा निळ्या देवमाशाचा सांगाडा दिसताच आमची धाकटी फरशीवर उताणी पडून राहिली, आणि खरे तर तो तसाच पाहावा. दारे दहाला उघडतात, तेव्हाच पोहोचावे.

अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत बस आणि ट्यूबचे, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचे, तिकीट लागत नाही. मात्र जुन्या ट्यूब स्थानकांत जिने फार असल्याने बाबागाडीसह बसच बरी, कारण तीत जागा असल्यास गाडी न मिटता ठेवता येते. बसच्या वरच्या मजल्यावर बसण्याचा मुलांचा हट्ट तेवढा आईवडिलांपैकी एकाने पुरवावा.

दुपारी उत्तरेकडे चालत केन्सिंग्टन गार्डन्समधील गोल तळ्याकाठी जावे, घरून नेलेल्या दशम्या सोडाव्यात आणि मुलांना हंसांमागे मनसोक्त पळू द्यावे, अर्थात पुरेसे अंतर राखून.