चर्चच्या ओल्या भिंतीवर रंगाचा डबा उघडण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दगड-विटांचं, चुन्यात बांधलेलं जुनं लहान चर्च, वर उतरतं कौलारू छप्पर. वेदीजवळ उजव्या हाताच्या लांब भिंतीला जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत ओल, पोपडे पडतायत, पांढरी भुकटी दिसते. मंडळीत तीसेक घरं, निधी बेताचा. समितीतल्या काहींना खालचा भाग सिमेंटच्या वॉटरप्रूफ प्लास्टरने बंद करायचा आहे, तर काहींना भिंतीत रासायनिक इंजेक्शन देऊन ‘चढती ओल’, म्हणजे जमिनीतून भिंतीत वर चढणारं पाणी, थांबवायची आहे. माझं मत: दोन्ही कामं थांबवा. पैसे आधी पन्हळीवर आणि कौलांवर लावा, मग बाहेरच्या जमिनीवर. भिंतीला हात सगळ्यात शेवटी.

हिशेब करून पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. १५ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद छपरावर २५ मिमीची एक जोरदार सर आली की ३,००० लिटर पाणी खाली येतं, म्हणजे प्रत्येक बाजूच्या पन्हळीत दीड हजार. पन्हळ एका जागी तुंबली किंवा सांधा सुटला की त्यातलं बरंचसं पाणी दर सरीला भिंतीच्या त्याच चार फुटांत मुरतं. आतून पाहणाऱ्याला मात्र ओल जमिनीतूनच वर आल्यासारखी दिसते आणि दोष पायाला लागतो. ओल संपूर्ण भिंतीला सारख्या उंचीवर नसून एकाच टापूत असेल, तर पाणी वरून येतंय असंच आधी धरून चाला.

हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. मोठा पाऊस चालू असताना दोघांनी छत्री आणि टॉर्च घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारावी. पन्हळीच्या काठावरून पाणी कुठे ओसंडतं, कुठल्या सांध्यातून धार लागते, खाली आलेला पाइप कुठे पाझरतो, जमिनीवर पडलेलं पाणी भिंतीवर किती उंच उडतं हे सगळं कागदावर टिपा. कोरड्या दिवशी ह्यातलं काहीच दिसत नाही, आणि पाहणी नेमकी कोरड्या दिवशीच होते. बिडाच्या पाइपाची मागची, भिंतीकडची बाजू आरसा धरून बघा. रंगाचा ब्रश तिथे पोचत नसल्याने गंज तिथूनच लागतो आणि चीरही बहुधा मागेच असते. पाइपामागे शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला तर चीर सापडलीच समजा.

पन्हळ दुरुस्त करताना तीन गोष्टी पाहा. उतार दर तीन मीटरला ५ ते १० मिमी, पाइपाच्या तोंडाकडे. ब्रॅकेट एकमेकांपासून एक मीटरपेक्षा लांब नकोत, नाहीतर मधे पोट येतं आणि त्या पोटात गाळ साठतो. पाइप भिंतीला चिकटून नको, मधे निदान एक इंच फट हवी. पानं अडवायला बसवतात त्या जाळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. जाळीवर पानांची गादी तयार होते, पाणी तिच्यावरून बाहेर जातं, आणि ‘जाळी आहे ना’ म्हणून वर कुणी चढत नाही. वर्षातून दोनदा हाताने साफ करणं बरं: एकदा पानगळ झाल्यावर, एकदा पाऊसकाळ सुरू होण्याआधी. साफ झाल्यावर वरून आठ-दहा बादल्या पाणी ओता आणि ते खालून कुठे जातं ते बघा. खालचं गटाराचं तोंड मातीने बुजलं असेल तर वरची सगळी मेहनत फुकट.

कौलांसाठी दुर्बीण पुरते. सरकलेली, फुटलेली कौलं, आढ्यावरच्या कौलांखालचा निघालेला चुना, छप्पर मनोऱ्याला किंवा भिंतीला भिडतं तिथली पत्र्याची पट्टी हे सारं जमिनीवरून दिसतं. भिंतीच्या माथ्यावर एखादं रोप उगवलं असेल तर उपटू नका, मुळाबरोबर दगडही निसटतो. बुंध्याशी कापा, मूळ मारा आणि नंतर दरज चुन्याने भरा.

आता बाहेरची जमीन. वर्षानुवर्षं माती, फुलांचे वाफे, नवी फरसबंदी यांनी तिची पातळी वर येत जाते, आणि आतल्या फरशीच्या बरोबरीला आली की भिंत ओली राहणारच. बाहेरची पातळी आतल्या फरशीपेक्षा निदान १५० मिमी खाली हवी आणि पहिल्या मीटरमध्ये साधारण २५ मिमीचा उतार भिंतीपासून दूर जाणारा हवा. वाफा भिंतीला लागून असेल तर हलवा, कारण रोपांना घातलेलं पाणी भिंतच पिते. भिंतीलगत काँक्रीटचा पट्टा ओतला असेल तर तोही गुन्हेगार असू शकतो: जमिनीतली वाफ बाहेर पडायची वाट बंद होते, मग ती भिंतीतून वर सरकते. तो काढून तिथे जाड खडी घातली की जमीन मोकळी होते आणि पावसाचे शिंतोडेही कमी उडतात. खोदताना पायाच्या खाली मात्र जाऊ नका. पाया किती खोल आहे हे ठाऊक नसेल तर एक वीत खोदून थांबा आणि स्थापत्य अभियंत्याला दाखवा.

सिमेंटला माझा विरोध का, ते सांगतो. चुन्यातली भिंत ओली होते आणि वाळते, तिचं जगणंच तसं आहे. सिमेंटचा गिलावा कडक आणि बंद. भिंत हलली की त्याला बारीक भेगा पडतात, भेगांतून पाणी आत जातं, पण त्याला बाहेर यायला वाट नसते. मग ओल प्लास्टरच्या वरच्या कडेपर्यंत चढते आणि तीन फुटांची सहा फूट होते. प्लॅस्टिक इमल्शन रंगाचंही हेच. जाड, ओबडधोबड दगडी भिंतीत इंजेक्शनचाही भरवसा नसतो, कारण आत दगडगोट्यांचा भराव असतो, सलग आडवा थर नसतो आणि रसायन पोकळ्यांत जिरून जातं. शिवाय कुणी दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र लावून ‘९० टक्के ओल’ म्हणाला तर घाबरू नका. ते यंत्र लाकडासाठी जुळवलेलं असतं आणि भिंतीतल्या क्षारांनी त्याचा आकडा फुगतो.

ती पांढरी भुकटी म्हणजेच हे क्षार. मऊ, कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद पसरून गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. काही क्षार हवेतली वाफ ओढतात, त्यामुळे गळती थांबल्यावरही दमट दिवसांत डाग ओलसर दिसू शकतो. तेवढ्यावरून काम फसलं असं म्हणू नका.

पाणी बंद झाल्यावर निघालेला गिलावा सुट्टा होईल तितका काढा, सिमेंट असेल तर तेही, पण हलक्या हाताने. दगडाचा टवका उडत असेल तर तेवढं सिमेंट राहू द्या. मग थांबा. भिंत वाळायला इंचाला एक महिना हा ढोबळ हिशेब, म्हणजे १८ इंची भिंतीला दीड वर्ष. समितीला हे पटवणं सगळ्यात कठीण, कारण तोवर वेदीशेजारी उघडी भिंत दिसत राहते. कापडी पडदा भिंतीपासून चार बोटं पुढे लावा, हवा खेळती राहील. फळी ठोकून झाकू नका.

नवा गिलावा चुन्याचाच करा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली, बारीक-जाड कण मिसळलेली वाळू. भिंतीवर आधी पाणी मारा, थर ८ ते १० मिमीपेक्षा जाड नको, पहिला थर घट्ट झाला पण नख उमटतंय अशा वेळी त्यावर तिरप्या रेघा ओढा म्हणजे पुढचा थर धरेल. ओलं गोणपाट टांगून काही दिवस ओलावा ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पण त्यासाठी ओलावा लागतो. ऊन किंवा पंखा लावून घाईने वाळवला तर हाताला भुकटी येते, आणि बिचाऱ्या चुन्याच्या नावाने बोटं मोडली जातात. वरून चुन्याची सफेदी द्या: दुधाइतकी पातळ, चार-पाच हात, दोन हातांमध्ये एक दिवस. पहिला हात दिल्यावर भिंत जवळजवळ तशीच दिसते, म्हणून लोक चुना दाट करतात आणि पुढे पापुद्रे सुटतात. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. चुना डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने निदान १५-२० मिनिटं धुवून लगेच डॉक्टर गाठा.

एक शंका आधीच फेडून घ्या: ही ओल भिंतीतली आहे की हवेतली? हाताच्या तळव्याएवढा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटवा, दोन दिवसांनी बघा. पाण्याचे थेंब बाहेरच्या अंगाला असतील तर हवेतली वाफ थंड भिंतीवर बसते आहे, मागच्या अंगाला असतील तर भिंतीतून येते आहे. आठवडाभर बंद असलेल्या चर्चमध्ये साठ माणसं दोन तास बसली की केवळ श्वास आणि घाम यांतून पाच-सहा लिटर पाणी हवेत जातं. उपासना संपताच दारं लावायची सवय मोडा, तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. मात्र बाहेर दमट, उबदार हवा असेल त्या दिवशी उलटं करा, खिडक्या बंद ठेवा. आत-बाहेर एकेक आर्द्रतामापक टांगला की अंदाज बांधावा लागत नाही. आतला आकडा सतत ७० टक्क्यांवर राहिला तर बुरशी वेदीच्या कापडापासून गीतांच्या पुस्तकांपर्यंत जाते.

तुळयांची भिंतीत गेलेली टोकं ह्याच कामात तपासा. स्क्रूड्रायव्हर दाबा, सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. ओल्या भिंतीवरचा स्विचबोर्ड आधी इलेक्ट्रिशियनकडून हलवून घ्या. मनोऱ्यावर वीजरोधक असेल तर त्याचे सांधे आणि अर्थिंग दरवर्षी तपासून घ्या, रोध १० ओहमच्या आत हवा. पारव्यांची विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून, मास्क लावून काढा, कारण तिच्या धुळीने फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो. वटवाघळं असतील तर हाकलण्यापूर्वी तुमच्याकडचा कायदा बघा, बऱ्याच देशांत ती संरक्षित आहेत.

कामं वाटताना ‘सगळ्यांनी लक्ष ठेवावं’ असा ठराव करू नका, कुणीच ठेवत नाही. पन्हळ अमुक दोघांची, खिडक्या अमुक घराची, असं नावानिशी लिहा आणि सहा महिन्यांनी बदला. शिडीवर एकटा माणूस कधीच नको. चार फूट उंचीला पायथा एक फूट बाहेर आणि खाली धरायला दुसरा. कमरेच्या वर हात जाईल असं काम सत्तरीच्या उत्साही सभासदांना देऊ नका, त्यांच्या हाती वही द्या. वहीत तारीख, काय पाहिलं, काय केलं. भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने रेघ आणि तारीख, रुंदी मिमीमध्ये. ५ मिमीपेक्षा रुंद किंवा वाढती भेग असेल तर चुना भरण्याआधी अभियंता.

आणि आजच एक करा: उजव्या भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी उभी धरून, ओलीची वरची कड दिसेल असा. दर महिन्याला त्याच जागी उभं राहून तसाच फोटो. पन्हळ दुरुस्त झाल्यावर सहा महिन्यांत ती कड खाली सरकायला लागली, तर समितीत पुढचा वाद घालायची गरजच उरणार नाही. नाही सरकली, तर फोटो घेऊन परत विचारा, मग जमिनीखालच्या गटाराकडे बघू.