नेटल म्हणजे खाजकुइली नव्हे

शिरपूरच्या एका शिक्षिकेनं विचारलंय : ‘मुलांसाठी एका युरोपीय परीकथेचा अनुवाद करतेय. त्यातली राजकन्या नेटल नावाच्या झाडाच्या धाग्यापासून भावांसाठी सदरे विणते, आणि ते झाड खुडताना तिच्या हातांना फोड येतात. शब्दकोशात नेटलला खाजकुइली दिलंय. तोच शब्द ठेवू का?’

ताई, नका ठेवू. शब्द आपल्या ओळखीचा आहे, पण झाड दुसरं आहे आणि दुखणंही दुसरं आहे.

खाजकुइली (कुणी खाजकुयली म्हणतं, कुणी खाजकुहिली, आमच्याकडे सर्रास खाजखुजली) हा शेंगांचा वेल. घेवड्याच्या कुळातला. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की त्यांच्यावर सोनेरी-तपकिरी मखमल दिसते. ती मखमल म्हणजेच सुटी कुसं. वाऱ्यानं उडतात, कपड्यांत अडकतात, कातडीत रुततात. मामाच्या गावी, साक्रीकडे, बांधावरचा असा एक वेल मी लहानपणी ओढला होता. आजी लांबूनच ओरडली, ‘चोळू नको, खाजखुजली शे ती!’ तोवर मी चोळून मोकळा झालो होतो. मग तिनं हातांवर ओलं शेण थापलं, वाळू दिलं आणि खपलीसारखं उचकटून काढलं. शेणाबरोबर कुसंही निघाली. अंगावर फोड एकही नव्हता, नुसती वेड लावणारी खाज. या कुसांत म्यूक्युनेन नावाचं, प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं आणि खाज त्यानंच सुटते. हे 1955 साली दाखवलं गेलं.

नेटलचं काम वेगळं. ते उभं वाढणारं झुडूप आहे, युरोपात आणि आपल्या हिमालयात. तिकडे त्याला बिच्छू घास म्हणतात, म्हणजे विंचवाचं गवत. त्याचा केस ही एक पोकळ सुई असते, टोक काचेसारखं ठिसूळ. स्पर्श होताच टोक मोडतं आणि बुडाच्या पिशवीतला रस कातडीत जातो. त्यात हिस्टामिन, सेरोटोनिन, असिटिलकोलिन ही रसायनं असतात. क्षणात आग होते, गांधी उठतात.

म्हणजे एकीकडे खाज, दुसरीकडे आग. मराठीला हा भेद पक्का ठाऊक आहे. खोडसाळाच्या अंगाला खाज सुटते, संतापलेल्याची मात्र तळपायाची आग मस्तकात जाते. उलट कुणी बोलत नाही. लॅटिन नावांतही हाच भेद आहे, हे पाहून मला फार आनंद झाला. खाजकुइलीच्या शास्त्रीय नावातलं ‘प्रूरिएन्स’ म्हणजे खाजणारं, आणि नेटलचं ‘उर्टिका’ हे जाळणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलं.

संस्कृतात खाजकुइली म्हणजे कपिकच्छू, माकडाची खाज. अमरकोशात तिला शूकशिम्बी असंही नाव आहे : कुसाची शेंग. इतकं नेमकं वर्णन एका शब्दात! कपिकच्छूवरून हिंदीत कवाँच आलं, ते इंग्रजांनी ‘काउहेज’ म्हणून उचललं आणि पुढे त्याचंच ‘काउ-इच’ केलं. माकडाची खाज अशी गायीच्या गळ्यात पडली.

आता पर्याय. आपल्याकडे झुडपांत वेटोळे घालत चढणारी खाजकोलती आहे. तिनंही आग होते, पण ती एरंडाच्या कुळातली. शिवाय वेल. तिचा सदरा विणता येणार नाही. नेटलची खरी भावकी म्हणजे मोठी खाजोटी. पावसाळी डोंगररानात, सावलीला वाढते. काही याद्यांत तिचं नाव ‘मोती खजाती’ असं छापलेलं दिसतं. माझ्या मते रोमन लिपीतून परत देवनागरीत येताना ‘मोठी’चं मोती आणि ‘खाजोटी’चं खजाती झालं. तिथे ना मोती, ना जात.

खाजोटी तुमच्या गोष्टीत चपखल बसते, कारण तिच्या खोडाच्या सालीपासून खरोखर धागा निघतो. नेपाळात याच झाडाला अल्लो म्हणतात आणि त्याचं कापड विणतात. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. झुडपाच्या सालीचा सदरा मुलांना नवल वाटेल, तेव्हा वर्गात हे जरूर सांगा.

नावात खाज असली तरी क्रियापद मात्र आगीचं घ्या. ‘तिचे हात खाजू लागले’ असं लिहिलंत तर मुलं हसतील, आणि हसण्याची ती जागा नाही. मी असं लिहीन : ‘खाजोटी खुडता खुडता तिच्या बोटांची आग आग झाली, तळहात फोडांनी भरले, पण तिनं मूठ सोडली नाही.’