‘चलाखीने’ हा शब्द खोडून टाक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

रोगजंतू पेशीत कसे शिरतात आणि तिथे कसे टिकतात, यावरचं तुझं टिपण वाचलं. मेहनत दिसते. पण दर दोन ओळींआड ‘जीवाणू चलाखीने चकवा देतो’ असं लिहिलं आहेस, ते खोडून टाक. चलाखीने म्हणजे कसं? कोणतं प्रथिन कशाला चिकटलं, कुठे, किती आम्लतेत? हे लिहिता येत नसेल, तर तो भाग अजून समजलेला नाही असं धरून चाल.

लिस्टेरिया हा अन्नावाटे येणारा जीवाणूच घे. त्याच्या पृष्ठभागावरचं इंटर्नॅलिन-ए हे प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटतं. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणं हे ई-कॅडहेरिनचं रोजचं काम. पण त्याला इंटर्नॅलिन चिकटलं की पेशी स्वतःच जीवाणूला आत ओढून घेते. उंदराच्या ई-कॅडहेरिनमध्ये १६व्या जागी माणसातल्या प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल असतं. तेवढ्यानेच इंटर्नॅलिनची पकड बसत नाही. तेव्हा तोंडावाटे लिस्टेरिया दिलेल्या उंदरावरून माणसाबद्दल बोलताना जपून.

आत गेलेला जीवाणू पेशीच्या पटलाच्या (पातळ आवरणाच्या) पिशवीत अडकतो. पिशवी आम्लधर्मी होऊ लागते आणि त्याच आम्लतेत लिस्टेरिओलायसिन-ओ हे जीवाणूचं प्रथिन जोमाने पटलाला भोकं पाडतं. बाहेर पेशीद्रवात तेवढी आम्लता नसते, शिवाय पेशी ते प्रथिन भराभर मोडते. म्हणून पिशवी फुटते, पेशी मात्र शाबूत राहते. (या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडणारा तपशील हाच.) पुढे अ‍ॅक्ट-ए हे जीवाणूचं दुसरं प्रथिन पेशीच्याच सांगाड्यातलं अ‍ॅक्टिन जमवून मागे शेपटी तयार करतं, तिच्या रेट्याने जीवाणू थेट शेजारच्या पेशीत घुसतो. बाहेरच्या प्रतिपिंडांशी गाठच पडत नाही.

क्षयाच्या जीवाणूचा भर वेगळ्या गोष्टीवर: मॅक्रोफेजमधल्या (जंतू गिळणाऱ्या पेशीतल्या) त्याच्या पिशवीला तो लायसोसोम (पेशीची पचवणारी पिशवी) जुळू देत नाही. इन्फ्लुएन्झाला उलट आम्लता हवीच असते. सामू (पीएच) ५च्या आसपास आला की हिमॅग्लुटिनिन या त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं रूप पालटतं आणि विषाणूचं आवरण पेशीच्या पटलात मिसळतं. एचआयव्हीचं नेफ हे प्रथिन तर हिशेबीच वाटतं. मारक टी-पेशींना संसर्ग दिसू नये म्हणून ते पेशीच्या पृष्ठभागावरची एचएलए-ए आणि बी ही प्रथिनं (विषाणूचे तुकडे टी-पेशींना दाखवणारी) हटवतं, पण एचएलए-सीला हात लावत नाही. सगळंच हटवलं असतं तर एनके पेशी (एचएलए नसलेल्या पेशींना मारणाऱ्या) चालून आल्या असत्या. ‘हिशेबी’ लिहिलं खरं. मलाही मोह आवरत नाही. हिशेब कोणी करत नाही, जे विषाणू टिकले त्यांच्यात हे गुण उरले.

तेव्हा रोगजंतूंची यादी पाठ करणं थांबव. आधी पिशवी पक्व कशी होते, अ‍ॅक्टिन कसं जुळतं, पृष्ठभागावरची प्रथिनं कशी ये-जा करतात, ते पक्कं कर.

पुढच्या टिपणाला साल्मोनेला हा जीवाणू घे. तो सुईसारख्या यंत्रणेतून पेशीत सोप-ई हे प्रथिन सोडतो, त्याने पटल उसळून जीवाणूला वेढून घेतं. त्याच सुईतून एसपीटीपी हे दुसरं प्रथिनही जातं, ते पटल पुन्हा पूर्ववत करतं. दोन्ही एकदम गेली तर एकमेकांचं काम का बिघडवत नाहीत? प्रोटिएसोम (पेशीतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा) कोणाला आधी संपवतो, तिथून सुरुवात कर.

तुझे,
सर