लायब्ररी सापडत नाही म्हणतंय

प्रश्न: सातपूरला आमचं छोटं वर्कशॉप आहे, कॉम्प्युटरवर उबुंटू 22.04 ही लिनक्स सिस्टीम टाकल्यापासून जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही, लिबएसएसएल.एसओ.1.1 सापडत नाही म्हणतं, परत इन्स्टॉल केलं तरी तेच. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: परत इन्स्टॉल करून काही होणार नाही हो, लिबएसएसएल ही ओपनएसएसएलची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारी तयार कोडची फाईल; 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3 येतं आणि तुमचं सॉफ्टवेअर 1.1 मागतंय. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) एलडीडी (ldd) ही कमांड लिहून पुढे प्रोग्रामचा पूर्ण पाथ द्या, ज्या ओळीत 'नॉट फाउंड' दिसेल ती लायब्ररी कमी आहे, कधीकधी एकीच्या मागे चार निघतात. बाकीच्या बहुतेक एप्टने (apt, उबुंटूवर सॉफ्टवेअर टाकायची कमांड) मिळतील. नव्या फाईलला जुन्या नावाची लिंक द्यायचा जुगाड कोणीतरी सांगेलच, नका करू, आतून बरंच बदललंय. 1.1 चा फुकट सपोर्टही सप्टेंबर 2023 मध्ये संपला, सॉफ्टवेअरवाल्याकडे नवीन व्हर्जनच मागा.