चपटं धनुष्य घडवताना एक बाजू जास्त वाकते, पण पौंड सोडायचे नाहीत. काय करावं?

प्रश्न असा आहे: हिकरीच्या (अमेरिकेतलं एक कणखर लाकूड) फळीतून ६६ इंची फ्लॅटबो, म्हणजे चपट्या भुजांचं धनुष्य, करतोय. दोरी चढते, २२ इंचांपर्यंत ओढून झालंय. वरची भुजा मुठीजवळ जास्त वाकते, खालची कडक वाटते. २८ इंच ओढल्यावर ४५ पौंडांची ओढ हवीच, म्हणजे पौंड ४५ हवेतच. पौंड न घालवता हे कसं सुधारायचं? बेल्ट सँडर (फिरत्या पट्ट्यानं लाकूड घासणारं यंत्र) चालेल का?

उत्तर:

बेल्ट सँडर नको. तो विषय इथंच संपला. मी लिहायला बसलोय ते तुमच्या 'हवेतच' या शब्दामुळे. याच शब्दापायी माझ्या हातून एक उत्तम लाकूड मोडलं, आणि त्यावरून घरात जो वाद सुरू झाला तो आजही मिटलेला नाही.

मी मूळचा कराडकडचा, आता ओहायोत असतो. २०१७ च्या दसऱ्याला मेहुण्याचा शिकागोहून फोन आला. "दाजी, पुढच्या दसऱ्याला पूजेत ठेवायला तुमच्या हातचं धनुष्य पाहिजे. पण पन्नास पौंडांचं. त्याच्या खाली नको." त्यानं मेरी रोझचा कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. १५४५ साली बुडालेलं ते इंग्रजी जहाज, त्यावरची धनुष्यं शंभर पौंडांच्या वरची होती, मग दाजी पन्नाससुद्धा नाही का करणार? ती धनुष्यं यू लाकडाची, जाड, गोलसर पोटाची (पोट म्हणजे ओढणाऱ्याकडची बाजू, पाठ म्हणजे पलीकडची), आणि ती ओढणारी माणसं पोरवयापासून तेच करत आलेली. हे मी सांगितलं. पण पन्नास हा आकडा त्याच्या डोक्यात पक्का बसला होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात बसला.

होम्स काउंटीत आमिश लोकांच्या लाकूड-गिरण्या आहेत. तिथल्या एकीत अर्धा दिवस फळ्या उलटसुलट करून हिकरीची सहा फुटी फळी निवडली. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, कुठंही कडेनं पळालेली नाही. एक गाठ नाही. घरी आणून उभी चिरली, शेजारी शेजारी दोन पट्ट्या निघाल्या. या दोन पट्ट्या लक्षात ठेवा. दोन्ही हीटरच्या खोलीत ठेवल्या, कारण हिकरी हवेतला ओलावा ओढून घेते आणि ओलसर हिकरी नुसती वाकून बसते, परत उसळत नाही. ओहायोची थंडी तिला मानवते.

पहिल्या पट्टीवर नोव्हेंबरभर काम केलं. ६८ इंच लांब, अर्ध्या भुजेपर्यंत दोन इंच रुंद, तिथून निमुळती होत टोकाला अर्धा इंच. जमिनीवर टेकवून वाक बघितला, मग लांब दोरीवर, मग दोरी चढवून. गॅरेजच्या भिंतीला फळी ठोकून त्यावर मूठ बसवायची, खाली कप्पी, दोर आणि वजनकाटा, आणि आठ फुटांवरून ओढायचं, ही माझी नेहमीची पद्धत.

२३ डिसेंबरची रात्र. मेहुणा दुसऱ्या दिवशी पोचणार होता. २४ इंचांवर काटा ४१ दाखवत होता, म्हणजे २८ ला पन्नासच्या थोडं वर. हिशेब अगदी जमत होता. फक्त उजव्या भुजेत, मुठीपासून वीतभर अंतरावर, वाक एकाच जागी गोळा होत होता. तिथं बिजागरी झाली होती, आणि ती मला दिसत होती. उपायही माहीत होता: ती जागा सोडून बाकी सगळीकडून लाकूड काढायचं. पण तसं केलं असतं तर पन्नासचे चव्वेचाळीस झाले असते. म्हणून मी ठरवलं की अजून दोन-तीन इंच ओढून बघू, कदाचित पुढं वाक पसरेल.

वाक पुढं पसरत नसतो. जिथं पातळ आहे तिथंच तो आणखी साठतो.

ओढण्याआधी धनुष्य उतरवून मी बॅटरीचा उजेड पोटावर आडवा टाकला होता. त्या जागी केसासारख्या बारीक चार-पाच रेघा दिसल्या, रुंदीला आडव्या. नख फिरवलं तर नखाला अडत होत्या. मी त्या कानशीच्या खुणा समजलो. त्या कानशीच्या नव्हत्या. पोटाचं लाकूड दाबानं चिरडलं जात होतं, त्याच्या त्या सुरकुत्या होत्या. हिकरीची पाठ ताण खूप सोसते, पोट दाबाला तितकं टिकत नाही, म्हणून हिकरी आधी पोटातून हरते. साडेसव्वीस इंचांवर एक कोरडा टक् असा आवाज आला आणि लगेच भुजा त्या जागी दुमडली. तुकडा उडाला नाही. हिकरीचे लांब लांब धागे उसाच्या चोयट्यासारखे एकमेकांना धरून लोंबत राहिले. मी दोर हातात धरून कितीतरी वेळ तसाच उभा होतो. एवढ्या सरळ रेषांचं लाकूड रोज मिळत नाही.

मेहुण्यानं दुसऱ्या दिवशी ते हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाला, "लाकूडच खराब निघालं, दाजी." त्यानं मला धीर द्यायला म्हटलं असेल. पण हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक घरगुती समारंभात ऐकतो, आणि दर वेळी मला ते लागतं. लाकडाचा काही दोष नव्हता. मोडलेल्या जागेच्या दोन्ही अंगांना मी व्हर्नियर लावून जाडी मोजली: १२ मिलिमीटर, १२ मिलिमीटर, आणि मधे ११. एका मिलिमीटरनं काय होतं असं वाटेल. भुजेचा कडकपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनात बदलतो. १२ चे ११ झाले की कडकपणा सुमारे २३ टक्क्यांनी उतरतो. सारा भार मग त्याच जागेला शोधत जातो.

आता तुमच्या धनुष्याकडे येतो. वरच्या भुजेत मुठीजवळ जास्त वाकणारी जागा पेन्सिलीनं दोन आडव्या रेघा मारून बंद करा. त्या दोन रेघांच्या मधे आता कानस जाणार नाही, स्क्रेपर जाणार नाही, पॉलिशपेपरसुद्धा नाही. वीतभर लांबीचा एक सपाट ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल बसवा. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावर तो ठोकळा चांगल्या वाकलेल्या भागात ठेवून पेन्सिल अगदी टेकेल न टेकेल अशी बसवा आणि मग भुजेवरून सरकवत न्या. जिथं पेन्सिल उमटेल तिथं लाकूड कडक आहे. तेवढंच खरवडा. तुमची रुंदी अर्ध्या भुजेपर्यंत सारखी असेल तर मुठीजवळ वाक कमी आणि बाहेरच्या बाजूला जास्त असाच आकार यायला हवा. मुठीपासूनच निमुळती, त्रिकोणी भुजा असेल तर मात्र वाक वर्तुळाच्या तुकड्यासारखा सगळीकडे सारखा.

दहा-पंधरा हात मारले की थांबा. तीस वेळा ओढा, तेही आतापर्यंत झालेल्या लांबीपेक्षा कमीच. मग बघा. काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही, या तीस ओढींनंतर दिसतो, आणि लोक याच ठिकाणी घाई करतात. माझे आजोबा सुतार होते. शेवटचा हात ते कानशीनं कधी मारत नसत, फुटक्या काचेच्या धारेनं खरवडत. मीही तेच करतो, काच कागदासारखी पातळ साल काढते आणि हात आपोआप सावकाश होतो.

खालची भुजा थोडी कडक असलेली बरीच. हात खालच्या अंगाला दाबतो, बाण मधल्या रेषेच्या वरून जातो, म्हणून दोरीपासून पोटापर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारख्याच ठिकाणी मोजलं तर वरचं तीन ते पाच मिलिमीटर जास्त भरायला हवं. त्याहून जास्त फरक असेल तरच खालच्या भुजेचं लाकूड काढा.

पौंड? ते जातील. बिजागरी खरोखर झाली असेल तर पौंड ठेवून ती काढायचा रस्ता नाही. दोन्ही टोकं इंच-इंच कापून धनुष्य आखूड केलं तर काही पौंड परत येतात, पण ६६ इंचांचं ६४ होईल आणि तोच ताण आखूड भुजांवर पडेल. तुमच्या जागी मी नाही करणार.

आता दुसऱ्या पट्टीचं सांगतो. २०१९ च्या मार्चमध्ये ती घेतली. तीच फळी, तीच रेषा, चिरण्यापूर्वी पहिलीला चिकटून असलेली. या वेळी आकडा ठरवलाच नाही. वाक सारखा येईपर्यंत काढत गेलो, आणि २८ इंचांवर ४१ पौंड आले. दोरी उतरवल्यावर कायमचा बाक पाऊण इंच राहिला, हिकरीला तो फारच कमी. ते मेहुण्याला दिलं. त्यानं दसऱ्याला झेंडूची फुलं वाहून पूजा केली, आणि मग म्हणाला, "छान आहे दाजी, पण पोरांचं आहे."

म्हणून त्याला आणि तुम्हालाही हे सांगतो. काट्यावर शेवटच्या इंचाला दिसतात ते पौंड म्हणजे बाणाला मिळणारी ताकद नव्हे. पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत जी ओढ साठत जाते ती सगळी मिळून बाणाला मिळते. जे धनुष्य पौंडांच्या हट्टापायी चिरडून तीन इंच बाक धरतं, ते दोरीवर असतानाच ढिलं असतं. सुरुवातीचे इंच फुकट जातात, शेवटी काट्यावर आकडा तेवढा दिसतो. बाक न धरलेलं ४१ पौंडांचं धनुष्य तसल्या ५० वाल्यापेक्षा फार मागं नसतं, आणि ते वर्षानुवर्षं मोडत नाही. मेहुण्याच्या घरी ते अजून आहे, त्याचा मुलगा दर रविवारी चालवतो. एकाच फळीतल्या दोन पट्ट्या, एक मोडली, एक टिकली. मग लाकूड खराब कसं?

चपटी भुजा आणि हिकरी ही जोडी काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. १६६० सालचं मॅसॅच्युसेट्समधलं सडबरी धनुष्य हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात आहे, तेही हिकरीचंच आणि तेही चपट्या भुजांचं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ओढताना समोर उभं राहू नका, डोळ्यांवर चष्मा हवा. ठरवलेल्या पौंडांच्या पुढं एकदाही ओढू नका, मग इंच कितीही कमी भरोत. पोटावर आडव्या सुरकुत्या आल्या असतील तर वर लिहिलेलं काहीच लागू नाही, त्या धनुष्याचं काम तिथंच थांबवा. हे सगळं हिकरीबद्दल आहे. शिकारीसाठी करत असाल तर तुमच्या राज्यात किमान पौंडांचा नियम आहे का ते बघा, तिथं आकड्याला खरंच महत्त्व आहे, आणि मग नवी, जास्त रुंद पट्टी घ्या. रुंदीतून वाढवलेले पौंड लाकडाला जड जात नाहीत. महाराष्ट्रातून कुणी वाचत असेल तर हिकरी मागवत बसू नका. आपल्याकडे धामण नावाचं झाड आहे, लवचीकपणासाठी ती जुन्या काळापासून नावाजलेली आहे.

फोटो टाका, म्हणजे नेमकं सांगता येईल. धनुष्य दोरी चढवून भिंतीवर आडवं ठेवा, फोन मुठीच्या उंचीला आणि निदान दहा फूट लांब. जवळून काढलेल्या फोटोत भुजांची टोकं खोटी वाकलेली दिसतात.