वाचकांचे प्रश्न : लक्ष्मीबाईंची पहाटेची शिकवणी

प्रश्न : अखेरपर्यंत नवे काही शिकत राहिलेल्या आमच्या आईची स्मरणिका काढत आहोत. पंडिता रमाबाईंना संस्कृत आईनेच शिकवले, हा उल्लेख त्यात करावा का?

उत्तर : अवश्य करा. लोकांचा विरोध पत्करून रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. परंतु १८५८ मध्ये जन्मलेली रमा शिकण्याजोगी झाली तोवर ते वृद्ध झाले होते, म्हणून लक्ष्मीबाईंनीच तिला धडे दिले. दिवसभर घरकामातून सवड कुठली? त्यामुळे त्या झोपाळू लेकीला पहाटेच्या अंधारात उठवीत आणि पाखरे जागी होत असताना पाठ म्हणून घेत. दुष्काळात, १८७४ साली, त्या वारल्या. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेले आपले इंग्रजी पुस्तक रमाबाईंनी आईच्याच स्मृतीस अर्पण केले.