वाचकांचे प्रश्न : दातांत धरायची ई-सिगारेट आणि घरी केलेली मऊ पकड

प्रश्न : मी मूळचा इचलकरंजीचा असून गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टर येथे विणकाम यंत्रांच्या दुरुस्तीचे स्वतःचे दुकान चालवतो. तीस वर्षे सिगारेट ओढल्यावर, ती सोडण्यासाठी म्हणून, येथील सल्लागारांच्या सांगण्यावरून मी ई-सिगारेट घेतली. ती पेनासारखी बारीक आहे, तिला बटण नाही, ओढली की आपोआप सुरू होते. माझे दोन्ही हात सतत तेला-ग्रीसमध्ये असतात. पूर्वी सिगारेट ओठांत ठेवून काम करता येत असे. ही मात्र घसरते आणि दातांत घट्ट धरली तर वरच्या पुढच्या चार दातांची माझी कवळी हलते. हिच्या टोकावर बसेल अशी मऊ पकड घरच्या घरी करता येईल का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : पकड करता येईल आणि ती फारशी अवघडही नाही, परंतु तुमची खरी अडचण टोकाच्या गुळगुळीतपणापेक्षा नळीच्या लांबीत आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. साधी सिगारेट जेमतेम एक ग्रॅम वजनाची असते आणि जळता जळता आणखी हलकी होते. ई-सिगारेटीच्या बारीक नळीत लिथियमची बॅटरी असते आणि ती नेमकी तोंडापासून दूरच्या बाजूला बसवलेली असते. केरसुणी दांड्याच्या टोकाशी दोन बोटांत धरून आडवी उचलून पाहा, म्हणजे तुमच्या जबड्याला काय करावे लागते ते कळेल. बाहेरचे टोक खाली जाऊ पाहते, आतले टोक वर उठून वरच्या दातांवर दाब देते, आणि तेथे कवळी असल्यास पुढचा भाग वर दाबला जाऊन तिची मागची कड टाळूपासून सुटते. म्हणून कितीही मऊ पकड केली तरी पुढच्या दातांनी धरण्याची सवय तुम्हाला सोडावी लागेल.

हा पेच जुनाच आहे. युरोपात मातीच्या चिलमी दातांत धरून काम करणाऱ्यांच्या वरच्या व खालच्या दातांना मिळून झिजेची गोल खाच पडत असे. जुन्या दफनभूमींतील सांगाड्यांवर ती आजही ओळखू येते. पुढे लाकडी पाइप ओढणाऱ्यांनी त्यावर रबराचे छोटे टोपण बसवण्याचा तोडगा काढला आणि तो अजूनही बाजारात मिळतो. आपल्याकडे चिलमीला ओली छापी, म्हणजे कापडाची चिंधी, गुंडाळतात, पण तेथे चिलीम हातातच असल्यामुळे दातांचा प्रश्न येत नाही. चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास आधुनिक ई-सिगारेट तयार केली, तेव्हा तिला सिगारेटीचेच रूप मिळाले आणि रूपासोबत ओठांत लटकवण्याची सवयही चिकटली; वजन मात्र सिगारेटीचे राहिले नाही. पाइपवाल्यांचे तयार टोपण तुमच्या गोल टोकावर बहुधा नीट बसणार नाही, कारण पाइपची दांडी तोंडाशी चपटी असते.

आता साहित्याविषयी. खाद्यपदार्थांसाठी वापरण्याजोग्या सिलिकॉनची नळी घ्यावी. घरी मद्य किंवा सरबते तयार करणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात ती फुटावर मिळते. मत्स्यालयाची स्वस्त पारदर्शक नळी दिसायला तशीच असली तरी ती पुष्कळदा पीव्हीसीची असते, तिच्यात मऊपणासाठी मिसळलेली द्रव्ये असतात आणि ती तोंडात तासन्‌तास चघळण्यासाठी नव्हे. आमच्या दातांच्या दवाखान्यात दातांचा ठसा घेण्यासाठी वापरतात ते पुटीसारखे सिलिकॉन आणून त्याचे टोपण करण्याची कल्पना काही हौशी लोकांना सुचते. ते काही मिनिटांच्या ठशासाठी केलेले असते, चावल्यावर त्याचे तुकडे पडतात आणि तुकडा घशात गेला तर हौस महागात पडते.

व्हर्निअर तुमच्याकडे असणारच. टोकाचा बाहेरचा व्यास मोजा आणि नळीचा आतला व्यास त्याहून साधारण एक मिलिमीटर कमी घ्या; टोक ९ मिलिमीटरचे असेल तर नळी आतून ८ मिलिमीटरची. जाडी एक मिलिमीटरच्या आसपास पुरे, कारण जाड नळीमुळे तोंड अधिक उघडे ठेवावे लागते आणि जबडा लवकर दुखतो. सुमारे ३५ मिलिमीटरचा तुकडा धारदार पात्याने सरळ कापा, पाच मिनिटे पाण्यात उकळा आणि गरम, ओली असतानाच टोकावर पिळत चढवा. तेल लावू नका, तेलाने ती नंतरही सरकत राहील. तोंडाकडचा शेवटचा पाचेक मिलिमीटर भाग पायमोज्याची कड दुमडतात तसा बाहेर दुमडला की गोल कंगोरा तयार होतो. सगळी करामत या कंगोऱ्यात आहे. तो दातांच्या किंवा ओठांच्या आतल्या बाजूला अडकतो आणि दाब न देता नळी जागी राहते. कंगोऱ्यासाठी वेगळी कडी कापून चिकटवण्याच्या फंदात पडू नका, कारण घरगुती झटपट गोंद सिलिकॉनला धड धरत नाही आणि सुटलेली कडी श्वासाबरोबर आत ओढली जाऊ शकते. पकड यंत्रावर घट्ट आणि तोंडात सैल असावी, म्हणजे ठेच लागली, खोकला आला, तर सगळी वस्तू एकसंध बाहेर पडेल.

पकड चढवताना हवेची छिद्रे झाकली जात नाहीत ना, हे पाहावे. तुमच्यासारख्या बिनबटणाच्या यंत्रात हवा आत ओढली जाताना पडणारा दाबातला फरक ओळखून आतल्या निकोटिनच्या द्रवाची वाफ करणारी तार तापते. छिद्र बुजले तर यंत्र नीट चालत नाही आणि जोराने ओढल्यावर द्रव तोंडात येतो. ही छिद्रे बहुधा बॅटरीच्या सांध्यापाशी किंवा दूरच्या टोकाला असतात, तरीही आपल्या यंत्रात ती कोठे आहेत हे भिंगाखाली एकदा शोधून घ्यावे.

धरायची कशी? तोंडाच्या कोपऱ्यात, तुमचे स्वतःचे दात असलेल्या बाजूच्या उपदाढांमध्ये हलकेच, आणि तीही एका वेळी दोन-चार मिनिटेच. पकड रोज साबणाच्या पाण्याने धुवावी, दातांचे वण किंवा बारीक चीर दिसताच नवी कापावी. सिलिकॉनला वास लवकर बसतो, तेव्हा द्रवाचा स्वाद बदलल्यावरही ती बदललेली बरी. यंत्र गळ्यात दोरीने अडकवण्याची सोयही पुष्कळांनी केलेली असते, परंतु फिरत्या विणकाम यंत्राजवळ गळ्यात दोरी असणे किती धोक्याचे आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यापेक्षा बाकावर एक उभी खोबण करा आणि तेल पुसून हाताने उचला.

हात मोकळे ठेवून ओढण्याबद्दल माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. सिगारेट संपते, तिच्या थोटकापाशी माणूस थांबतो. ई-सिगारेट तोंडातच राहिली तर थांबण्याची जागा उरत नाही, प्रत्येक श्वासाबरोबर थोडे निकोटिन जात राहते आणि मळमळ, डोके हलके होणे, छातीत धडधड ही लक्षणे दिसेपर्यंत लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये २०१६ पासूनच्या नियमांनुसार द्रवात निकोटिन प्रतिमिलिलिटर २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता येत नाही, पण तेवढेही सतत ओढायला पुष्कळ झाले. शिवाय वस्तूत बॅटरी आहे. २०१८ साली अमेरिकेत फ्लोरिडा येथे ई-सिगारेटचा स्फोट होऊन एका माणसाचा मृत्यू झाला. ते यंत्र तुमच्यापेक्षा वेगळ्या, संरक्षक परिपथ नसलेल्या प्रकारचे होते, तरीही चेपलेली किंवा चार्जिंगला लावलेली नळी दातांत धरू नये, एवढा बोध घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : मी बर्मिंगहॅममध्ये वायरिंगची कामे करतो. वायरच्या सांध्यांवर बसवतो ती उष्णतेने आवळणारी नळी ई-सिगारेटीच्या टोकावर चढवली तर चालेल का? बसते अगदी फिट.
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : चालणार नाही. ती नळी विद्युतरोधनासाठी केलेली असते, तिच्यात आग रोखणारी रसायने असू शकतात आणि काही प्रकारांत आतून वितळणारा गोंदही असतो. शिवाय आवळल्यावर ती टणक होते, म्हणजे दातांना तिचा उपयोगही नाही. तापवताना लागणाऱ्या उष्णतेने आत द्रव आणि बॅटरी असलेल्या वस्तूचे काय होईल, हे तुमच्या व्यवसायातील माणसाला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : माझा भाचा लंडनहून येताना माझ्यासाठी ई-सिगारेट आणणार आहे. अशा सिलिकॉनच्या पकडी करून विकण्याचाही विचार आहे. नाशिकमध्ये याला मागणी येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मागणीचा प्रश्न येथे उद्भवत नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे, आणि ही बंदी पूर्ण वस्तूइतकीच तिच्या कोणत्याही भागालाही लागू आहे. साठा सोडून इतर गोष्टींच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. भाच्याने सामानात ती आणणे ही आयातच ठरते, तेव्हा त्याला आजच कळवावे. तुम्ही सिगारेट सोडू पाहत असाल तर १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्ती साहाय्यासाठीच्या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. निकोटिनच्या २ मिलिग्रॅमच्या चघळण्याच्या गोळ्याही औषधांच्या दुकानात मिळतात. त्या सतत चघळायच्या नसतात. चव तिखट लागताच गाल आणि हिरडीच्या मध्ये थोडा वेळ दाबून ठेवायच्या आणि चव ओसरली की पुन्हा चघळायच्या.